कुंकवाखालचा तीळ

मार्गशीर्षातले ऊन कृष्णेवरून येते ते दुधावरच्या सायीसारखे. हलके, अलगद, धुक्याची घडी न मोडता. त्या गुरुवारी ते आठल्यांच्या ओटीवर आले, तुळशीला प्रदक्षिणा घालून आले, आणि पाटावर निजवलेल्या एका बॅटीवर थबकले.

हळदवर्णी, तैलस्निग्ध, कुंकुमचर्चित बॅट. चाळीस खंडेनवम्यांची पूजा अंगावर ल्यालेली.

समोर अच्युतराव मुजुमदार बसले होते. सामन्यात खेळलेल्या बॅटी शोधाव्यात, जमवाव्यात, खऱ्याखोट्याची पारख करावी, हा त्यांचा जन्माचा नाद. जिमखान्याच्या काचेच्या कपाटात एकच जागा उरली होती. चाळीस वर्षांपूर्वीच्या अंतिम सामन्यात दिगंबर आठल्ये जिच्या आधाराने दिवसभर उभे राहिले, त्या बॅटीची. ती तर तेव्हाच मोडली, घरात आहे ती दुसरीच, असे गावात बोलले जाई. आणि ज्यांनी सांगायचे ते दिगंबरपंत खाटेच्या कडेवर बसून होते. शुभ्र, शांत, सारे विसरलेले. स्वतःचे नावसुद्धा.

अच्युतरावांनी वर्तमानपत्राचे पिवळे कात्रण उलगडले. छायाचित्रातल्या बॅटीच्या छातीवर लाकडाची एक काळी गाठ होती, तिळासारखी. पाटावरच्या बॅटीला नेमके तिथेच कुंकू होते, थरावर थर.

"वहिनी, एवढंच पुसू का? ओल्या फडक्यानं?"

मथुराबाईंनी पदर सावरला. "हे समोर बसलेत, भाऊ. यांच्या नावाचं कुंकू. ते कसं पुसू देऊ?" मग हळूच हसल्या. "चुकलंच माझं. चार बोटं बाजूला लावलं असतं तर तुमचा तीळ उघडा राहिला असता. पण पूजेला बसल्यावर तीळ कोण बघतंय."

फडके खाली राहिले. अच्युतरावांची बोटे वर सरकली, मुठीपाशी आली, थांबली.

"हिच्या मुठीवर रबर नाही?"

"त्या सामन्यातच फाटलं ना. मग खालच्या नुसत्या सुतावर खेळले. घरी आले ते तळहात सोलून. मी लोणी लावलं. म्हणाले, आता ही देवापाशी. पुन्हा मैदानात नेली नाही हो."

नुसते सूत. त्या सुतावर घामाची सावली, श्यामल, खोल. आणि त्या सावलीत अंगठ्याएवढा एक खळगा. एका दिवसाचा, एका हाताचा. पण कोणाच्या हाताचा, ते सूत सांगत नव्हते.

मथुराबाईंनी बॅट उचलली, कपाळाला लावली, आणि पतीच्या हाती दिली.

क्षणभर काहीच झाले नाही.

मग बोटे जागी झाली. नाव विसरलेल्या देहातली, वाट न विसरलेली बोटे. एकेक वळले, एकेक मिटले, आणि अंगठा त्या खळग्यात उतरला, निरांजनात वात बसावी तसा. वाकलेली पाठ आणखी वाकली. बॅटीचे टोक फरशीवर टेकले. तिरके, कोपऱ्यावर, झिजलेल्या कोपऱ्यावर. कात्रणातही तसेच टेकले होते, तितकेच तिरके.

अच्युतरावांच्या मांडीवरून कात्रण घसरले. त्यांनी ते उचलले नाही. त्यांचे हात आपोआप जोडले गेले होते.

"वहिनी," ते अगदी हळू म्हणाले, "तीळ झाकलेलाच राहू दे. कपाटातही कुंकवासकट ठेवू."

मथुराबाईंनी ऐकले की नाही, कोण जाणे. त्या पतीकडे पाहत होत्या. आणि दिगंबरपंत पाहत होते दूर, नदीपलीकडे, धुक्यातून कोणी चेंडू घेऊन धावत येत असल्यासारखे.

ऊन थांबले. वारा थांबला. तुळशीचे पान थांबले.

फरशीवर बॅट तेवढी. टक. टक.