बाईसाहेब बसत नाहीत

"हे काय करून ठेवलंय तुम्ही?" मी विचारलं.

"कुठे काय?" हे म्हणाले.

ह्यांच्या एका हातात माझ्या केसांचा रंग कालवलेली वाटी होती, दुसऱ्या हातात माझाच ब्रश, आणि समोर आमची म्हातारी घोडी उभी होती, दोन काळ्याकुळकुळीत भुवया घेऊन. घोड्याला भुवया नसतात हे मलासुद्धा कळतं. डोळ्यांच्या वर तिचे केस पांढरे झाले होते, तिथे ह्यांनी हात चालवला होता. घोडी तांबूस आणि रंग काळा. मेली एखाद्या कडक हेडमास्तरसारखी दिसत होती, सारखी कुणावर तरी चिडल्यासारखी.

"डॉक्टरीणबाई येणार आहेत," हे म्हणाले. "जरा टापटीप नको दिसायला?"

"तिचं लग्न जमवायचंय का?"

"तू गप्प बस. अहो बाईसाहेब, हलू नका, डोळ्यात जाईल."

हे असं. घोडीला 'अहो बाईसाहेब', आणि मला लग्न झाल्यापासून 'अगं ए'. मी तिला सवत म्हणते ते उगाच नाही.

आमचे हे मोतद्दार. घोडेस्वारीच्या शाळेत घोड्यांची लीद काढायची, खरारा करायचा, खोगीर चढवायचं आणि श्रीमंतांच्या पोरांना वर बसवून, लगाम धरून मैदानात गोल गोल फिरायचं. जन्मभर हे गोल फिरले. निवृत्त झाले तेव्हा शाळेने घड्याळ द्यायचं ठरवलं होतं. त्याच सुमाराला ही घोडी म्हातारी झाली म्हणून तिला काढून टाकायचं चाललं होतं. ह्यांनी सांगितलं, घड्याळ नको, ती द्या. घरी बायको आहे, तिला एका शब्दाने विचारावं, तर नाव नको. मी शिवणकाम करते. मागच्या अंगणात पत्रा टाकून मशीनसाठी उजेडाची खोली करायचं आमचं किती दिवस चाललं होतं. पत्रा पडला, पण खाली बाईसाहेब राहायला आल्या आणि मी होते तिथेच, स्वयंपाकघराच्या खिडकीशी.

त्याला आता बरीच वर्षं झाली. बाईसाहेबांचे दात गेले, कंबरेची हाडं वर आली, पुढचे गुडघे आखडले. मागच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी जनावरांच्या दवाखान्यात आम्हा दोघांना समोर बसवून नीट सांगितलं होतं. "औषधं मी देत राहीन. पण तुम्ही तिच्याकडे लक्ष ठेवा. खाण्यात गोडी आहे का? हाक मारली की येते का? आजूबाजूला काय चाललंय ते बघते का? चांगले दिवस जास्त जातात की वाईट? वाईट जास्त व्हायला लागले तर मला सांगा. मग तिला तसं ओढत ठेवायचं नाही. एक इंजेक्शन असतं, तिला काही कळणारसुद्धा नाही."

झालं! ह्यांनी त्यातली फक्त प्रश्नपत्रिका ऐकली.

"परीक्षा आहे," घरी परत येताच हे म्हणाले. "आणि बाई आपल्यावर डूख धरून आहेत."

"कसला डूख?"

"लहानपणी ह्याच घोडीवरून पडल्या होत्या त्या. मीच उचललं होतं. फ्रॉक चिखलाने भरलेला, आणि सगळी पोरं हसत होती. माणूस विसरतं होय असं?"

डॉक्टरीणबाई तर विसरल्याही असतील. ह्यांचं मात्र पक्कं, की एवढं शिकून ती पोर डॉक्टर झाली ती ह्या एका घोडीचा सूड घ्यायला.

मग तयारी सुरू झाली. कोंडा कोमट पाण्यात भिजवून, त्यात गाजर किसून, साखर घालून लापशीसारखा मऊ करायचा. मला कधी ह्यांनी कपभर चहा करून दिलेला नाही. घोडी अर्धी बादली खायची, अर्धी ठेवायची. ती उरलेली अर्धी हे कुंपणावरून शेजारच्या शेळ्यांना घालायचे आणि रिकामी बादली घेऊन ऐटीत यायचे. "बघ, चाटूनपुसून!" कुणाला फसवत होते कोण जाणे. शेळ्या अशा काही फुगल्या की शेजारीण मला विचारायला आली, गाभण आहेत का हो ह्या, सगळ्या एकदम?

एकदा मी चिडून म्हटलं, "त्याच परीक्षेला तुम्हाला बसवते आज. खाण्यात गोडी? रोज मीठ कमी म्हणून भांडता. हाक मारली की येता? तीन हाकांनंतर 'काय आहे' म्हणून ओरडता. आजूबाजूला लक्ष? माझी आख्खी नवी साडी तुम्हाला दिसली नाही. उठताना भिंतीला धरता, गुडघे वाजतात. सांगू का डॉक्टरीणबाईंना?"

"माझं वेगळं आहे."

"काय वेगळं?"

"मला बोलता येतं," हे म्हणाले आणि बाहेर निघून गेले.

आता खरं सांगायचं तर लबाडी काही एकट्या ह्यांनी केली नाही. घोडी गेली तर मला काय, खोली मिळाली असती. पण मशीन चालवायला बसले की खिडकीतून तिचे कान दिसायचे. मशीन धावलं की कान पुढे, थांबलं की मागे. इतक्या वर्षांत माझ्या शिवणाकडे इतकं लक्ष दुसऱ्या कुणी दिलं नव्हतं. आणि ती गेल्यावर हे सकाळी उठून जाणार कुठे? म्हणून तपासणीच्या दिवशी पदराखाली मीही एक सफरचंद लपवून ठेवलं होतं.

डॉक्टरीणबाई आल्या. घोडीकडे पाहिलं, भुवयांकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटून त्यांनी जरा वेळ आभाळाकडे पाहिलं आणि मग विचारलं, "खाणं कसं आहे?"

"चाटूनपुसून!" हे म्हणाले. कुंपणापलीकडून शेळी ओरडली.

"हाक मारली की येते?"

"येते म्हणजे! बघाच." हे अंगणाच्या टोकाला जाऊन ताठ उभे राहिले. "बाईसाहेब! या!"

घोडीने मान वर केली. कान टवकारले. एक पाय उचलला, मग दुसरा, आणि ह्यांच्याकडे पाठ करून हळूहळू सरळ माझ्याकडे आली आणि माझ्या पदरात तोंड घातलं.

"येते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फक्त तुमच्याकडे नाही."

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी सफरचंद तिच्या तोंडात कोंबलं, तर अर्धं बाहेर पडलं. चावता येत नव्हतं. ते ह्यांनीही पाहिलं आणि घाईघाईने बोलायला सुरुवात केली, "ते जाऊ द्या. मुख्य गोष्ट मी अजून सांगितलीच नाही. बाईसाहेब बसत नाहीत."

"म्हणजे?"

"अहो, ह्या वयात दुसरी घोडी दिवसभर लोळत पडली असती! ही नाही. दिवस असो, रात्र असो, कधीही येऊन बघा, उभी! आख्खी थंडी गेली, जमिनीला अंग लावलं नाही. पोलादी आहे पोलादी. रोज सकाळी मी पहिल्यांदा येऊन तिची पाठ थोपटतो."

डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "गुडघ्यांना हे काय बांधलंय?"

"ते मी शिवलेत," मी म्हटलं. "जुन्या गादीचा कापूस घालून. खरचटतं तिला. खालची फरशी खडबडीत आहे ना."

त्यांनी खाली बसून पट्टे सोडले. दोन्ही गुडघ्यांवर जखमा होत्या, जुन्यावर नवीन. त्यांनी हात फिरवला. मग अगदी हळू म्हणाल्या, "काका, घोडा उभ्याउभ्या डुलकी घेतो. पण खरी झोप त्याला आडवं पडल्यावरच लागते. थोडा वेळ का होईना, पडावंच लागतं. ही पडत नाही, कारण एकदा खाली गेलं की उठता येणार नाही, एवढं तिला कळतं. भीती वाटते तिला. मग उभ्याने डोळा लागतो, गुडघे दुमडतात, ती फरशीवर आदळते आणि दचकून परत उभी राहते. रात्रभर हेच चालत असणार."

"म्हणजे थंडीपासून..." हे म्हणाले.

"थंडीपासून ती झोपलेली नाही, काका."

हे म्हणाले, आणखी औषध द्या. त्या म्हणाल्या, आहे तोच डोस मोठा आहे, रोज वाढवला तर पोट सोसणार नाही. एखाद दिवसापुरतं जोराचं इंजेक्शन देता येईल, त्याने दुखणं दबेल, पडेलही कदाचित. पण मग तिला उठवणार कोण? आणि दुसऱ्या दिवशी काय? त्यांनी घाई केली नाही. पट्टे परत बांधले आणि म्हणाल्या, "ठरवून कळवा."

त्या दिवशी हे जेवले नाहीत. मी ताट घेऊन मागे गेले तर घोडीच्या पायाशी उकिडवे बसले होते.

"शाबासकी देत होतो मी," हे म्हणाले. "रोज सकाळी. ती रात्रभर पडत-उठत काढायची आणि मी येऊन म्हणायचो, शाब्बास बाईसाहेब, उभ्या आहात. सगळा जन्म घोड्यांत गेला माझा आणि मला एवढं कळलं नाही."

"मला तरी कुठे कळलं?" मी म्हटलं. "मी तर वर पट्टे शिवून दिले."

मग हे रडले. लग्नानंतर मी ह्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. वडील गेले तेव्हासुद्धा नाही. मी पाठीवर हात फिरवत राहिले, आणि माझे डोळे काय कोरडे होते? सवतीसाठी रडावं लागेल असं मला वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ह्यांनीच फोन केला. म्हणाले, "या. पण आधी ते जोराचं इंजेक्शन द्या. एकदा पोटभर झोपू दे तिला. मग संध्याकाळी दुसरं."

शेजारी घर बांधायचं काम चाललं होतं. गवंड्याला विचारून आम्ही वाळू आणली, घमेल्या-घमेल्याने. मी ह्या वयात डोक्यावर घमेलं घेऊन निघाले तशी शेजारीण तोंडावर हात ठेवून बघत राहिली आणि मग शेळ्या बांधून तीही घमेलं घेऊन आली. पत्र्याखाली वाळूचा हा जाड थर झाला. वर गवत. त्यावर मी माझ्या माहेरच्या दोन गाद्या आणून टाकल्या, ज्यांच्यावर ह्यांनासुद्धा मी कधी झोपू दिलं नव्हतं.

सकाळी डॉक्टरीणबाई इंजेक्शन देऊन गेल्या. आम्ही वाट बघत बसलो. घोडी वाळूवर आली, हुंगलं, आणि उभी राहिली. तशीच उभी. ऊन वर चढलं तरी उभी.

"अहो, पडा ना," हे म्हणाले. "दुखत नाहीये ना आता? मग? किती मऊ केलंय बघा." घोडी बघत राहिली. "अहो बाईसाहेब, उठायचं नाहीये आता. उठायची काळजी करू नका. ऐकताय का?"

ती ढिम्म. शेवटी हे वैतागले, चपला काढल्या आणि स्वतःच गादीवर आडवे झाले. "हे असं! असं पडायचं. काय अवघड आहे त्यात?" चांगले पाय ताणून, डोक्याखाली हात घेऊन दाखवलं. अशा वेळी हसायचं नसतं. हसलेच मी. मग हे उठायला गेले, तर उठताच येईना. वाळूत हात रुतायला लागले. "अगं ए," हे म्हणाले, "जरा हात दे."

मी हात द्यायला पुढे झाले आणि तेवढ्यात घोडीने पुढचे गुडघे दुमडले. आम्ही दोघंही होतो तिथे थिजलो. ती सावकाश, कण्हत, एकेक हाड मोजत असल्यासारखी खाली आली, ह्यांच्या शेजारीच, आणि मान लांब करून वाळूवर टाकली. एवढा मोठा सुस्कारा सोडला की गवत उडालं. थोड्याच वेळात घोरायला लागली. घोडी घोरते हे मला माहीत नव्हतं.

"हात द्या ना," मी पुटपुटले, "ओढते हळूच."

ह्यांनी डोळ्यांनीच नको म्हटलं. हात तिच्या मानेवर ठेवला होता. "राहू दे. हललो तर जागी होईल."

दुपारभर हे तसेच पडून राहिले. झोपेत तिचे पाय मधूनच हलायचे, चारही, पळाल्यासारखे. गोल नाही, सरळ पळत होती, असं हे मला नंतर म्हणाले.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई बॅग घेऊन आल्या. दारातूनच त्यांनी पाहिलं आणि थबकल्या. हे पडल्या पडल्या हळूच म्हणाले, "झोपलीय हो. आत्ताशी कुठे."

"थांबू?" त्यांनी विचारलं.

"थांबा. होऊ दे तिचं."

त्यांनी बॅग अलगद खाली ठेवली, चपला काढल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. मी तिघांचा चहा करून आणला होता. ट्रे खाली ठेवला तर कप वाजतील, म्हणून तो तसाच हातात धरून मी उभी राहिले.