तरलानच्या नावाचा अलम

रिकामी लोखंडी दांडी मानेमागे घेऊन फरामर्ज खाली बसला आणि तिथंच राहिला. गुडघे वर यायचं नाव घेईनात.

"उठा," वस्ताद सीरूस म्हणाले.

"उठतोय."

"आज उठायचंय, फरामर्जभाऊ."

बाकावर बसलेले दोघे तोंड फिरवून हसले. इराणातल्या कझविन शहराच्या त्या तळघरातल्या व्यायामशाळेत बहुतेक जण कुस्तीत कान मोडून घेतलेले, आणि त्यांच्यात हा मिनीबसचा ड्रायव्हर, वर्षानुवर्षं स्टिअरिंगमागे बसून सैल झालेला. वस्तादांनी काखेत हात घालून त्याला उभं केलं आणि दांडी काढून घेतली. दांडीला एकही चकती लावलेली नव्हती. फरामर्जला इतकी लाज वाटली की त्यानं स्वेटर उलटा घातला, तरी त्याच्या ध्यानात आलं नाही.

"वजन तर बरंच उतरवलंय तुम्ही. कसं?"

"जेवण सोडलं. काकडी आणि दही, बस्स."

"मग चरबीबरोबर अंगातलं बळही गेलं. तसं चालत नाही. अंडी खा, डाळ खा, मांस खा. भाताची खरवड तेवढी बायकोसाठी ठेवा." वस्तादांनी दांडी जागेवर लावली. "आणि घाई कसली आहे?"

"अलम उचलायचाय. मोहरमला."

बाकावरचे दोघे हसायचे थांबले.

त्यांच्या मोहल्ल्याचा अलम, मोहरमच्या मिरवणुकीतलं ते निशाण, म्हणजे काही खेळ नव्हे. रस्त्याच्या रुंदीएवढी आडवी तुळई, तिच्यावर पोलादाची उंच पाती, पितळेचे पक्षी, शहामृगाची पिसं. मोहरमच्या दहाव्या दिवशी हे सगळं एका माणसाच्या कमरेवर उभं राहतं. चामडी पट्ट्याच्या खोबणीत दांडा बसवायचा, दोन्ही हात दांड्याला, आणि मग चालायचं. भलेभले पहिलवान त्याखाली घामाघूम होतात.

फरामर्जचा नवस होता. त्याच्या मुलीच्या, तरलानच्या, हृदयाचं ऑपरेशन चाललं होतं तेव्हा तो दवाखान्याच्या जिन्यात बसला होता. शेजारी इनायत, त्याच मोहल्ल्यातला चांभार. त्याचा मुलगा आत बाजूच्याच खोलीत. दोघांनी एका सिगारेटवर वेळ काढला आणि दोघं एकच नवस बोलले: पोर घरी आलं की इमामवाड्याच्या दारापासून चिनाराच्या चौकापर्यंत अलम नेईन. तरलान घरी आली. इनायतचा मुलगा आला नाही. तेव्हापासून फरामर्ज चांभारगल्लीतून जाणं टाळायचा. मिनीबससुद्धा वळसा घालून न्यायचा.

गेल्या मोहरमला त्यानं अलम उचलून पाहिला होता. दोन पावलांत पाय लटपटले आणि चौघांनी धावून अलम सावरला. अलम सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या हाजी रहमतनी त्याच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, "वरच्यानं तुझी नियत पाहिली. फिटला नवस." तरलानही म्हणाली, "झालं की बाबा." पण त्याच्या मनाला ते पटेना. मुलगी अख्खी मिळाली आणि नवस अर्धा फेडायचा, हा कुठला न्याय?

म्हणून तो तळघरात येत राहिला. आधी रिकामी दांडी, मग बशीएवढ्या चकत्या, मग जराशा मोठ्या. पोट उतरत गेलं, पँट दोरीनं बांधायची वेळ आली. शेजारणी त्याच्या बायकोला, अक्रमला, गाठून हळूच विचारू लागल्या.

"लोक विचारतात, तुझ्या नवऱ्याला कसला आजार झालाय," अक्रम ताटात तिसरं अंडं वाढत म्हणाली. "मी सांगते, लोखंड लागलंय त्याला. उतारा मिळाला तर सांगा."

"मिळाला का?"

"खा गुपचूप."

थंडी सरता सरता एका सकाळी त्यानं तरलानच्या वजनाएवढा भार खांद्यावर घेतला, खाली बसला आणि उठला. सहज नाही, पण उठला. टाचांतून काहीतरी निघालं, मांड्यांतून चढलं, पाठीच्या कण्याशी भक्कम उभं राहिलं. तो दांडी ठेवून भिंतीकडे तोंड करून बसला. एवढं सगळं आपल्या अंगात होतं? इतकी वर्षं आपण ते सीटवर बसवून ठेवलं होतं? त्याचे डोळे भरून आले. वस्तादांनी ते पाहिलं, आणि चहा आणून ठेवला.

मोहरमचा दहावा दिवस उजाडला. इमामवाड्याच्या दारात काळ्या कपड्यांची गर्दी, नगाऱ्यांचा दणका, गुलाबपाण्याचा वास. चौकापर्यंतची वाट नवसकऱ्यांची. पुढं नेहमीचे अलमवाले होतेच. हाजी रहमत फरामर्जच्या कमरेला पट्टा आवळत होते. पलीकडच्या फुटपाथवर बायकांच्या घोळक्यात तरलान फोन उंच धरून उभी होती.

तेवढ्यात गर्दी आपोआप बाजूला झाली आणि इनायत पुढं आला. आधीच काटकुळा, आता सदरा खुंटीला अडकवल्यासारखा दिसत होता.

"हाजीसाहेब, माझाही नवस आहे."

हाजींचे हात पट्ट्यावर थांबले. "पोरा, तुझ्यावर कसलं बंधन नाही. मागणं पुरं झालं तरच नवस फेडायचा असतो."

"ठाऊक आहे मला," इनायत म्हणाला. "पण जिन्यात शब्द दिला तेव्हा तो जिवंत होता."

फरामर्जनं जिन्यातल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा इनायतकडे सरळ पाहिलं. मग त्यानं पट्टा सोडला.

"आधी तुम्ही."

"नाही, नाही, तुमची पाळी आहे."

"तुम्ही घ्या."

दारातून आत जायचं तरी दहा वेळा 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करणारी ती माणसं. त्या दिवशी इनायतनं एकदाच नको म्हटलं आणि पट्टा घेतला.

"याला झेपणार नाही," कुणीतरी पुटपुटलं. हाजींनाही ते दिसत होतं. वाटेत अलम पडला तर तुळईखाली माणसं सापडली असती. त्यांनी फरामर्जकडे पाहिलं. फरामर्ज आधीच इनायतच्या मागे जाऊन उभा होता.

दांडा खोबणीत बसला. इनायतचे गुडघे वाकले. फरामर्जनं पाठीमागून पट्टा दोन्ही मुठींत धरला, कणा ताठ केला, टाचा रोवल्या आणि वर ओढला. भार त्याच्या हातांत उतरला. वर पाती थरथरली, मग स्थिर झाली. बायकांमधून हुंदका उठला आणि अलम चालू लागला.

फरामर्जला पुढचं काही दिसत नव्हतं. फक्त इनायतची घामेजलेली मान आणि सदऱ्याची उसवलेली कॉलर. खांदे निखळतील असं वाटत होतं, तरी मनात एकच गोष्ट फिरत होती: याला काहीच मिळालं नाही, आणि हा फेडायला आलाय. मला सगळं मिळालं, आणि मी याच्या गल्लीला वळसे घालत होतो. केवढा मोठा माणूस आहे हा. आपण त्याच्या मागे चालतोय, हीच काय ती आपली लायकी.

चिनाराच्या चौकात अलमवाल्यांनी भार घेतला आणि मिरवणूक तशीच पुढं निघून गेली. इमामवाड्याकडे परतायला आता वाट नव्हती. यंदाही तरलानचा नवस राहिला होता.

इनायत वळला. चेहरा घामानं आणि अश्रूंनी भिजलेला, डोळे मोठे झालेले. लहान मुलासारखं आश्चर्य होतं त्यांत.

"हलका होता रे," तो म्हणाला. "रात्रभर घाबरत होतो मी. पण उचलला आणि हलका झाला, कुणी वरून धरल्यासारखा. तू मागेच होतास. तू पाहिलंस ना?"

फरामर्जच्या मुठी अजून उघडत नव्हत्या. त्यानं त्या पाठीमागे नेल्या.

"पाहिलं," तो म्हणाला.