चकावरचं कुंकू

शालिकरामने पेनाचं टोपण काढलं, फॉर्मवर पालकाच्या सहीची जागा शोधली, आणि नेमका तिथेच शामलाने हात ठेवला.

"सही मंग करा, बाबा. आधी वर्कशॉप पाहून घ्या."

"काहून? मले शिकाचं आहे का इथं?"

"एकदा पाहा नं."

हात काही तिने उचलला नाही. खिडकीमागचा क्लार्क घड्याळाकडे पाहू लागला. खिडकी एकला बंद होणार होती.

शामलाला प्रॉडक्शन इंजिनीअरिंगला दोन ठिकाणी जागा मिळत होती. एक पुण्याच्या सरकारी कॉलेजात, दुसरी नागपूरच्या वेशीवरच्या या नव्या खासगी कॉलेजात. पुण्याला उद्या दुपारपर्यंत हजर व्हायचं होतं, म्हणजे आजचीच गाडी. शालिकरामने मात्र आठ दिवस एकच पालुपद लावलं होतं, गावातच मिळून राहिलं तर पुण्याले कायले? खरं कारण तो बोलत नव्हता. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. महाल भागातल्या घराच्या दोन खोल्यांत पोरीवाचून राहायची त्याला भीती वाटत होती.

वर्कशॉपमध्ये सहा लेथ मशिनी ओळीने उभ्या होत्या, सगळ्या कोऱ्या करकरीत. रेल्वेच्या कारखान्यात सव्वीस वर्षं लेथवर टर्नरकी करूनही अशी मशीन त्याच्या वाट्याला आली नव्हती. त्याचा ऊर भरून आला.

"आणखी काय पायजे वं तुले?"

शामला मशिनीपासून बाजूला सरकली.

सवयीने त्याने चकावरून हात फिरवला. कापायचा लोखंडी तुकडा पकडून गरगर फिरतो तो भाग. बोटं लाल झाली. कुंकू होतं. खाली झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. दसऱ्याची पूजा, आणि आता जुलै चालू होता. चालत्या मशीनवरचं कुंकू दुसऱ्या दिवशी पहिल्याच फेऱ्यात उडून जातं. त्याने दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. सहाही जणी नऊ महिने कुंकू लावून नुसत्या बसल्या होत्या.

"जरा चालू करून दाखवता का?" त्याने तिथल्या सरांना विचारलं.

"लाइट नाही ना, काका."

डोक्यावर पंखा फिरत होता.

शालिकरामने बोटं पँटला पुसली. पोरीने पाहिलं नसेल. एक सही केली की रोज संध्याकाळी ती घरी दिसणार होती. खिडकीशी येऊन त्याने पेन उघडलं, बराच वेळ तसंच धरलं, मग टोपण लावून खिशात टाकलं.

"पुण्याची गाडी कितीले आहे?"

"सव्वासहाले."

उत्तर इतकं झटकन आलं की तो तिच्याकडे पाहतच राहिला.

"मशिनी चालत नाईत, तुले ठाऊक होतं?"

"सोमवारी येऊन पाहून गेली होती मी."

"मंग बोलली काहून नाई?"

"माझं ऐकलं असतं तुमी?"

नसतंच ऐकलं. तो पायऱ्या उतरू लागला.

"चाल लवकर. सामान बांधाचं आहे तुयं."

"सकाळीच बांधलं, बाबा. तुमी मशिनीले हात लावल्याबिगर राहत नाई, मले मालूम होतं."