गळलेल्या केसांचा पंख

माझ्या हातचा पंख तुटत नाही, असं मी दोन दिवस येईल त्याला छाती पुढे काढून सांगत होतो. आता कोणी विचारलं तर विषय बदलतो.

मी हरेश. वरसेला राहतो आणि कुंडलिकेवर मासे धरायला येणाऱ्या हौशी पाहुण्यांना नदी दाखवतो. ही मंडळी गळाला गांडूळ लावत नाहीत. बारीक गळावर दोरा आणि पिसं गुंडाळून खोटा किडा बांधतात आणि तो पाण्यावर अलगद टाकतात. त्यात सगळ्यांत जास्त चालतो कॅडिस. संध्याकाळी नदीवर उडणारा हा तपकिरी किडा बसताना पंख कौलारू छपरासारखे पाठीवर मिटतो. तसा खोटा किडा मी घरीच बांधतो. पण पिसांचा पंख दोन माशांच्या जबड्यात गेला की त्याची केरसुणी होते, आणि पाहुणे माझ्याकडे बघतात. ते बघणं मला सोसत नाही. राग माझ्या नाकावरच असतो.

एके दिवशी खिडकीच्या गजात खोचलेला केसांचा गुंता दिसला. माझ्या बायकोच्या, नम्रताच्या फणीतले केस. केसांवर भांडी देणारी बाई येते, तिच्यासाठी नम्रता ते साठवते. मी त्यातले थोडे सोडवले, मुळांची टोकं एका रेषेत लावली, मेणाच्या दोऱ्याने आवळली आणि गाठीवर नेलपॉलिश लावलं. तेही तिचंच. विचारलं नाही. घरातल्या गुंत्यासाठी बायकोची परवानगी कोण मागतं?

त्या एका पंखावर मी संध्याकाळभरात नऊ मासे काढले. एक केस हलला नाही.

घरी आलो तर नम्रता डोकं धरून बसलेली. "कोनतरी माझे केस ओढत होता," ती म्हणाली. "नऊ वेळा."

मी हसण्यावारी नेलं. मासेही नऊच काढले, हे कबूल करायला जीभ रेटेना. दोन दिवसांनी तोच किडा घेऊन पुन्हा गेलो. या वेळी मोठा मासा लागला, दोर तटकन तुटला आणि किडा तोंडात घेऊन मासा खोल गेला. त्याच वेळी नम्रता हातातली पळी टाकून अनवाणी नदीकडे चालत सुटली होती. आईने तिला रस्त्यावरून ओढून आणलं.

तेव्हा मी आईला सगळं सांगितलं. माझी आई चंद्रावती पेणच्या खाडीकाठची, मिठागरात वाढलेली. तिने आधी माझ्या थोबाडीत दिली.

"कापलेला केस मेलेला, रं. गळलेल्याला मूळ असतं. म्हनून बाया त्याच्यावर थुंकून टाकतात. इकायच्या केसांवर कोन थुंकतं? अन् तू तेच उचललेस! मासा खाडीत गेला तर ही आपली नाय ऱ्हायची."

नम्रता बोलेनाशी झाली. नुसती एका दिशेला मान वळवून बसायची. पहिल्या दिवशी कोलाडकडे, मग रोज थोडी रोह्याकडे. मासा कुठे आहे ते तिच्या मानेवरून कळायचं. पाचव्या दिवशी मान खाडीच्या बाजूला वळली, तशी मी मोटारसायकल काढली. ती मध्ये, तिला धरून आई मागे. आरशात तिची मान बघत, ती वळेल तिकडे मी गाडी वळवत गेलो.

रोह्याच्या खाली, जिथवर भरतीचं पाणी चढतं, तिथे ती उतरली. मी दुसरा किडा टाकला, पिसांचा. मासा लगेच लागला. मी दोर ओढला की नम्रता पाण्याकडे एक पाऊल सरकायची. आईने तिच्या कमरेला मिठी घातली होती.

मासा उथळात आला. त्याच्या जबड्यातून केस लोंबत होते. मी बांधले ते बोटभर, हे हातभर लांब, काळेभोर. त्यांना तिच्या तेलाचा वास येत होता. दोन्ही गळ निघाले, केस निघेनात. त्यांनी मांसात मूळ धरलं होतं. मासा तडफडत होता आणि काठावर नम्रताचे ओठ निळे पडत होते. मी खिशातून कात्री काढली.

"थांबा," ती धापा टाकत म्हणाली. पाच दिवसांतला पहिला शब्द. "घेताना इचारलं नाय. कापताना तरी इचारा."

"कापू?"

"नको. सोडा त्याला."

"सोडला तर तू जाशील गो!"

"अन् असं धरून ठेवलं तर ऱ्हाईन व्हय?"

मला फार भीती वाटली. लाजही वाटली. मी हात उघडला. मासा खाडीकडे गेला, केस त्याच्या मागे वाहत गेले.

याला तीन महिने झाले. नम्रता घरातच आहे. हसते, बोलते, माझी फिरकीसुद्धा घेते. फक्त जेवणात मीठ घालत नाही. तिला सगळं आधीच खारट लागतं. पहिल्या दिवशी मी मिठाची बरणी मागणार, तोच आईने ताटाआडून माझा हात दाबला. जन्मभर मिठात राबलेली ती बाई अळणी आमटी भुरकून म्हणाली, "बराबर झालीय गो."

मीही तेच म्हणालो.