फाटका कान

मावशींनी उंदरीण हातमोज्यावर घेतली आणि तिचा कान डॉक्टरांच्या चष्म्यासमोर धरला.

"नीट बघा. हे गोल भोक मी पाडलेलं. आणि ही फाट बहिणीनं चावून केलेली. भांडकुदळ आहेत मेल्या! तुम्ही फाटही मोजलीत."

एक भोक म्हणजे जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेली, दोन म्हणजे धडधाकट. विषाणू टोचल्यावर एका भोकाची उंदरं आठवड्यात जायची. बाकी पिंजऱ्यांतली गेलीही. या पाच जणी मात्र तीन आठवड्यांनंतरही टुणटुणीत! एकीच्या कानात 'दोन' दिसताच डॉक्टरांनी सकाळी सगळ्यांदेखत निकाल लावला होता: मावशींनी पिंजऱ्यांत घोळ घातला.

प्रयोगशाळेच्या उंदीरघरात उंदरं सांभाळत एकवीस वर्षं, एक अदलाबदल नाही. निवृत्तीला उरलेला एक महिना आणि आता हा डाग! मावशींच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

"रक्त तपासा," त्या म्हणाल्या. "धडधाकट निघाल्या तर उद्यापासून तोंड दाखवणार नाही."

तिसऱ्या दिवशी डॉक्टर कागद घेऊन उंदीरघरात आले. पाचही जणींच्या रक्तात प्रतिकारशक्तीचा पत्ता नव्हता. विषाणूचाही नव्हता.

"पहारेकरीच नाहीत, तरी चोर आत शिरत नाही," ते पुटपुटले.

"मग दारालाच कुलूप असेल. आईकडून आलेलं."

"आईकडून?"

"पाचही एकाच वेतातल्या. माझ्या वहीत आहे की."

डॉक्टरांनी स्टूल ओढलं. मग वही मागून घेतली आणि तासभर वाचत राहिले.

सोमवारी ते पिंजऱ्याची कोरी पट्टी घेऊन आले. सगळे कामाला लागलेले होते.

"नवा वंश म्हणून नोंदवायचाय. नाव तुम्ही सांगा, मावशी."

"चिवटी."

"हे कुठून काढलंत?"

"सासूबाई मला म्हणायच्या."

सगळे हसले, मावशी सगळ्यांत जास्त. डॉक्टरांनी नाव लिहिलं आणि मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "एकदा तपासून द्या. तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय इथे आता पट्टी लागणार नाही."

मावशींना एकदम भरून आलं. त्यांनी चष्मा पुसला, पट्टी खिडकीशी नेऊन दोनदा वाचली आणि परत दिली.

"वेलांटी चुकलीय. 'टी' दीर्घ."

डॉक्टरांनी निमूटपणे दुसरी पट्टी घेतली.