बाजेखालची हिरवळ

बी अंगठ्याच्या नखात अडकून बसलं होतं — राजगिऱ्याहूनही बारीक — आणि कडूबा ते काढायचं सोडून नुसता त्याच्याकडे बघत राहिला होता. हरळीचं बी. अकोल्याहून सरकारी खर्चानं पुडीत बांधून आलेलं. त्याची बायको सोजरा असती तर पोट धरून हसली असती. अमडापूरला बापाच्या वावरात तिनं लहानपणापासून हरळीच खणली. काळ्या मातीत हातभर खोल मुळं, एक कांडं मागं राहिलं की पावसाळ्यात पुन्हा हजर. लग्न होऊन बुलढाण्याला या विश्रामगृहाच्या आवारात आली, तेव्हा नवऱ्याला झारीनं हरळीला पाणी घालताना पाहून ती दारातच थबकली होती.

"अव माय! हराळीले पाणी? याचा पगार देते का सरकार तुमाले?"

आज सकाळपर्यंत इथं हिरवळीत बाजेएवढा पिवळा चौकोन होता. कार्तिकात तिचा खोकला वाढला. माळ्याच्या खोलीत ऊन म्हणून येत नाही, तर जुने साहेबच म्हणाले, बाज हिरवळीवर टाक, उन्हात पडू दे तिला. देवमाणूस. तीन महिने बाज एकाच जागी राहिली. रोज दोन हात सरकवली असती तर गवत मेलं नसतं, हे काय माळ्याला शिकवावं लागतं? पण सरकवायची म्हणजे तिला उठवायचं, आणि उठली की ती निळी पडेपर्यंत खोकायची… नव्या साहेबांनी चौकोनाकडे बोट दाखवून एवढंच विचारलं, "हे काय?"

सकाळपासून त्यानं मेलेलं गवत खरवडून काढलं, जमीन टोचली, पोयटा, रेती आणि जुनं शेणखत चाळून बोटभर थर दिला, बाजेच्या पायांनी पाडलेले चार खड्डे भरले, राखेत बी मिसळून आडवं-उभं फेकलं. आता तो तळहातानं माती दाबत होता.

रहेमतुल्ला खानसामा चहा घेऊन आला. "पी बे कडूबा. सकाळपासून उपाशी राबून राह्यला."

"ठेव तिथं."

"उगवन का पर?"

"उगवते. हराळी हाये थे."

रहेमतुल्ला पायरीवर टेकला. कडूबाचा हात चालतच राहिला, आणि मन — मन त्या माघातल्या सकाळी. बाजेवर मरू नये. जीव अधांतरी राहतो. जाणाऱ्याला आधी भुईवर घ्यायचं, हे पोरासोरांनाही ठाऊक. शेजारची सुभद्राबाई धावत आली होती. "भाऊ, खाली घ्या तिले. येळ झाली." आणि तो म्हणाला होता — स्वतःच्याच कानांनी त्यानं ते ऐकलं होतं — "गवत ओलं हाये."

ओलं होतंच. पहाटे त्यानंच पाणी घातलं होतं. अर्ध्या तासात ती गेली, बाजेवरच. तेरा दिवस बायका कुजबुजत राहिल्या, माळ्याला बायकोपरीस गवत प्यारं. त्यानं बोलू दिलं. खाली घेणं म्हणजे तिच्या तोंडावर सांगणं, की तू चाललीस. तिचे डोळे उघडे होते, ती त्याच्याकडेच बघत होती. मी तिला कळू दिलं नाही. ती बरी होण्याच्या आशेत गेली — गेला महिनाभर तो याच एका गोष्टीवर जगत होता.

माती गार होती. तळहात तिच्यावर टेकला आणि तिथंच राहिला…

हात. तिचा डावा हात बाजेवरून घसरून खाली लोंबला होता. अशक्तपणा, दुसरं काय. त्यानं उचलून गोधडीत घातला, कड नीट दुमडली. थोड्या वेळानं हात पुन्हा खाली. बोटं गवतात हलत होती, निंदणारी बाई मुळं चाचपते तशी. त्यानं पुन्हा उचलला. तिसऱ्यांदा मात्र तो मुठीत घट्ट धरून ठेवला, आणि तेव्हा… तेव्हा तो हात ओढ घेत होता. एवढीशी, पण ओढ. खाली.

"चाय थंडी झाली ना," रहेमतुल्ला म्हणाला. "काऊन थांबला?"

कडूबानं तळहात मातीवरून उचलला नाही. तिला ठाऊक होतं. तिला सगळं ठाऊक होतं, ती आपली आपणच भुईवर यायला बघत होती, आणि मी — मी तिला वर धरून ठेवलं. माझ्यासाठी.