पुठ्ठ्यातली प्रवचनं

पादुआच्या फादर आल्देरिगोंना छापील चित्रं आणि कातडी बांधणीची पुस्तकं जमवायचा भारी नाद. चित्रं ते वहीत चिकटवत, पुस्तकं कपाटात मांडत आणि पाहुण्यांना वरची सोनेरी नक्षी दाखवत. पुस्तक उघडायची वेळ सहसा कुणावरच येत नसे.

हिवाळ्यात ओल लागून त्यातल्या सगळ्यात देखण्या पुस्तकाचा पुठ्ठा फुगला, तेव्हा फादर ते घेऊन तेक्लाकडे गेले. नवऱ्यामागे बांधणीचं दुकान तीच चालवायची. तिने सुरीने कातडं सोडवलं आणि पुठ्ठ्याचे थर सोलायला घेतले. रद्दी कागद एकावर एक खळीने चिकटवून पुठ्ठा करतात, हे फादरना ठाऊक होतं. त्या रद्दीवर आपलं नाव असेल, हे मात्र ठाऊक नव्हतं.

"ही माझी प्रवचनं आहेत," ते म्हणाले. हौसेने छापून त्यांनी ती गावोगावच्या पाद्र्यांना भेट दिली होती.

"असतील की. पाद्रीच आणून देतात रद्दीत. तुमच्या कपाटातल्या निम्म्या पुस्तकांत हीच निघतील बघा."

फादरनी विचारलं, "निदान वाचून तरी देतात ना?"

"एक चुरगळलेलं पान दाखवा मला."

फादर बराच वेळ शोधत राहिले. मग म्हणाले, "यापुढे दुसऱ्या कुणाची तरी घाल."

तेक्ला खळ ढवळत होती. "घातली असती, फादर. पण दुसऱ्यांची मळून येतात हो. लोक वाचतात ती."